एका चेहऱ्याचा माग काढत जालन्यात

चिकलठाणा मागे पडले आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना कपाशी दिसू लागली. वेचणी सुरू होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका ओटीत कापूस भरत ओळीने पुढे सरकत होत्या. करमाड गेले, बदनापूर गेले. छत्रपती संभाजीनगर ते जालना हे अंतर साधारण साठ किलोमीटरचे. या साठ किलोमीटरांसाठीच मी नोव्हेंबर महिना निवडून घराबाहेर पडलो होतो. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपती आपल्या आयुष्यातल्या अखेरच्या मोठ्या मोहिमेवर याच मुलखात आले होते. आणि आज जगभरच्या संग्रहालयांत महाराजांची जी सर्वांत जुनी चित्रे आहेत, त्यांतल्या एका महत्त्वाच्या चित्राचा चितारी ज्या शहाजाद्याच्या पदरी होता, तो शहाजादा तेव्हा दख्खनचा सुभेदार होता आणि त्याच्या सुभ्याचे मुख्य ठाणे होते औरंगाबाद. जालन्याची स्वारी आणि पॅरिसमध्ये जपून ठेवलेले ते चित्र या दोन गोष्टी मी आजवर वेगवेगळ्या वाचत आलो होतो. त्या एकाच नकाशावर ठेवून पाहाव्यात, ही ओढ मला इथे घेऊन आली.

मोहिमेचा संदर्भ थोडक्यात सांगतो. १६७९ साली औरंगजेबाने जिझिया पुन्हा लादला होता. दिलेरखान विजापूर गिळायला निघाला होता. आदिलशाहीने मदत मागितली आणि महाराजांनी ती दिली. विजापुरावरचा दाब हलका करायचा तर मोगली मुलखातच आग लावायला हवी, हे ओळखून ते भीमा ओलांडून उत्तरेला शिरले. त्या काळी युवराज संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणीत होते, म्हणजे राजकारणाइतकेच घरातले दुःखही बापाच्या मनावर होते. नोव्हेंबरच्या मध्यावर मराठी फौज जालन्यावर आली. पेठ चार दिवस लुटली गेली. सोने, रुपे, जडजवाहीर, कापड, हत्ती, घोडे, उंट असा ऐवज हाती लागला. सुभेदार शहाजादा जवळ असतानाही शहराला वाचवू शकला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत बसून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली, तिच्यातही जालनापूरच्या या लुटीची नोंद आहे.

जालन्यावरच का, याचे उत्तर शहर आजही देते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ आहे. स्टेशनाबाहेर पडले की लोखंडाच्या सळया लादलेले ट्रक दिसतात, बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या दिसतात, मोसंबीचे ढीग दिसतात. माल बदलला, पेठ तीच राहिली. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना आणि दुसऱ्या अंगाला कादराबाद. अकबराच्या काळात हे गाव काही काळ अबुल फजलच्या जहागिरीत होते. एके काळी शहराची तहान भागवणारा मोती तलाव आणि जुन्या जालन्यातली काळी मशीद ही कामे जमशेदखानाच्या नावावर सांगितली जातात. मस्तगडाची गढी मात्र १७२५ च्या सुमाराची, निजामाच्या अमलातली. तिच्या बुरुजांकडे पाहून महाराजांच्या फौजेची कल्पना करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. महाराज आले तेव्हा इथे होती ती व्यापाऱ्यांनी भरलेली पेठ.

कुंडलिकेचा पूल ओलांडून मी जानुल्ला शाह यांच्या दर्ग्यात गेलो. लुटीच्या वेळी अनेक धनवंतांनी आपला ऐवज घेऊन सय्यद जान महंमद या सूफी संताच्या आश्रयाला धाव घेतली होती, असे त्या काळचे लेखन सांगते. महाराज साधुसंतांच्या जागांना हात लावत नाहीत, याची खात्री असल्यामुळेच त्यांनी ती जागा निवडली. पण लूट तिथेही पोहोचली. संताने शाप दिला आणि त्यानंतर पाच महिन्यांनी महाराजांचा अंत झाला, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. शापाची गोष्ट मानावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. महाराजांना नावे ठेवणारा हाच खाफीखान दुसरीकडे स्पष्टपणे लिहितो, की मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांचा मान राखण्याची त्यांची सक्त ताकीद होती. विरोधकाच्या हातून उमटलेले हे शब्दचित्र आहे. पुढे रंगांतल्या चित्रांचा माग काढताना हीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा भेटत गेली. महाराजांचा चेहरा आपल्यापर्यंत पोहोचवला तो बहुतेक परक्यांनी, आणि त्यातल्या काहींनी तर शत्रूच्या छावणीत राहून.

दर्ग्याच्या अंगणात एक वृद्ध गृहस्थ चादर घडी करत बसले होते. मी कशासाठी आलो ते ऐकून त्यांनी घडी बाजूला ठेवली. “शिवाजी महाराज इथपर्यंत आले होते, हे आमच्या पोरांना माहीतच नाही साहेब. तुम्ही लिहा. पण दोन्ही बाजूंनी लिहा,” असे ते म्हणाले. त्यांना मी तसा शब्द दिला.

तिथून पेठेत आलो आणि फोटो फ्रेमच्या एका दुकानासमोर थांबलो. भिंत वरपासून खालपर्यंत तसबिरींनी भरलेली होती. विठ्ठल, साईबाबा, बाबासाहेब, काबा, आणि या सगळ्यांत मिळून महाराज किती रूपांत! कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी रंगवलेले, सरकारी कचेऱ्यांतून सगळ्यांच्या ओळखीचे झालेले तेजस्वी चित्र होते. सिंहासनावर बसलेले महाराज होते, घोड्यावरचे होते, हल्लीच्या संगणकावर रंगवलेले, डोळ्यांतून ठिणग्या उडणारेही होते. आणि कोपऱ्यात, जुन्या पुस्तकातून छापून घेतल्यासारखे, काळ्या-करड्या रेषांचे एक चित्र. एका बाजूने दिसणारा चेहरा, बाकदार नाक, टोकाला निमुळती होत गेलेली दाढी, कानाजवळ कल्ले, डोक्याला घट्ट बसलेले पागोटे आणि त्यावर तुरा.

“हे कोण घेतं दादा?” मी विचारले.

“मास्तर लोक घेतात,” दुकानदार म्हणाला. “बाकीच्यांना रंगीत पाहिजे. पण मास्तर म्हणतात, खरे महाराज हेच.”

तो तेव्हा एका गिऱ्हाइकासाठी तेच चित्र मढवत होता. हिराकणीने काचेवर एक रेघ ओढली, काच टेबलाच्या कडेवर ठेवून अलगद दाबली, टक् असा आवाज झाला आणि काच सरळ दुभंगली. पट्टीचे कोपरे तिरके कापलेले होते. ते जुळवून त्याने चुका ठोकल्या. मग चित्र उलटे ठेवले, त्यावर पुठ्ठा बसवला आणि कडेने तपकिरी चिकटपट्टी फिरवली. पुठ्ठ्याची ती कोरी पाठ मी बराच वेळ पाहत राहिलो. चित्र कुठले, मूळ कुठे आहे, कोणी शोधले, यातले एक अक्षरही तिच्यावर नव्हते.

ज्या चित्राला जालन्याचे मास्तर खरे म्हणतात, त्याच्यामागे एका माणसाची चिकाटी आहे. वासुदेव सीताराम बेंद्रे यांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना ‘साधन-चिकित्सा’ या ग्रंथामुळे आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संभाजी महाराजांच्या चरित्रामुळे ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात महाराजांचे म्हणून जे चित्र पुस्तकांतून फिरत होते, ते खरे तर इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे होते. इटालियन प्रवासी निकोलाओ मनुची याच्या ग्रंथातल्या चित्रांवरून हा घोटाळा झाला होता. पोरांच्या हातात, सभांच्या मंचावर, घराघरांतल्या देव्हाऱ्याशेजारी चुकीचा चेहरा होता. बेंद्रे यांनी जुन्या दप्तरांतून आणि परदेशी ग्रंथांतून शोध घेतला, व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या ग्रंथातले महाराजांचे चित्र हेरले आणि १९३३ मध्ये ते लोकांसमोर मांडले. लाखो लोकांच्या मनात बसलेली प्रतिमा पुराव्याच्या बळावर बदलून दाखवणे हे मोठेच काम होते, आणि महाराष्ट्राने ते मानले.

आता या व्हॅलेंटाइनकडे जरा बारकाईने पाहू. फ्रांस्वा व्हॅलेंटाइन हा डच धर्मोपदेशक. जन्म १६६६ चा. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत त्याने अंबोन आणि जावा या बेटांवर वर्षे काढली. नंतर मायदेशी परतून त्याने पूर्वेकडील जुन्या-नव्या मुलखांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. तो १७२४ ते १७२६ या काळात छापला गेला. महाराजांचे रेखाचित्र त्याच ग्रंथात आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीच्या वेळी, १६६४ च्या जानेवारीत, डच वखारीतल्या कोणीतरी महाराजांना समोर बसवून हे चित्र काढले, अशी एक कथा आपल्याकडे आवडीने सांगतात. ती कथा टिकत नाही. सुरत लुटली गेली तेव्हा व्हॅलेंटाइन जन्मलाही नव्हता. शिवाय त्याच्या ग्रंथातले चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आहे, म्हणजे कोरणाऱ्यापुढे आधीचे एखादे रंगीत चित्र होते. ते आधीचे चित्र ज्या जातीचे आहे, ती जात ओळखता येते. ती सुरतेची नाही, गोवळकोंड्याची आहे.

गोवळकोंडा म्हटले की महाराजांची १६७७ ची दक्षिण मोहीम आठवते. त्या वर्षाच्या सुरुवातीला महाराज भागानगरात, म्हणजे हैदराबादेत गेले. सुलतान अबुल हसन कुतुबशहाने त्यांचे मोठ्या थाटात स्वागत केले. मादण्णा आणि आकण्णा हे बंधू राज्याची सूत्रे हलवत होते. महाराजांचा मुक्काम तिथे सुमारे महिनाभर होता. रस्ते शृंगारले होते, गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. शहरातल्या चितारीखान्यांसाठी यापेक्षा मोठा प्रसंग कोणता? शिवाय याच शहरात डच कंपनीचे लोक होते. मच्छलीपट्टणच्या बंदरातून त्यांचा कापडाचा व्यापार चाले, आणि कापडाबरोबर ते आणखी एक माल विकत घेत. तो माल म्हणजे हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांच्या चित्रांचे संच. तैमूरपासून औरंगजेबापर्यंतचे बादशहा, विजापूर आणि गोवळकोंड्याचे सुलतान, त्यांचे सरदार, आणि या रांगेत महाराज. युरोपातल्या माणसाला या देशाची सत्ता कोणाच्या हाती आहे, हे एका नजरेत कळावे, अशी ही मांडणी. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि हे चितारीखाने विखुरले. त्यामुळे या संचांचा काळ ठरवायला दोन भक्कम टोके मिळतात.

हे चितारी कसे काम करत, ते समजले की एक कोडे सुटते. एकदा चेहरा बसला की त्याचा खाका तयार होई. पातळ कातड्यावर किंवा कागदावर रेषा उतरवायच्या, त्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडायची, खाका नव्या कागदावर ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी हलकी आपटायची. छिद्रांतून भुकटी खाली उतरते आणि ठिपक्यांत चेहरा उमटतो. मग त्यावर रेघ, रेघेवर रंग. म्हणूनच दूरदूरच्या संग्रहांतल्या चित्रांत तोच नाकाचा बाक, तीच दाढी, तोच तुरा दिसतो. एकाच झाडाच्या या फांद्या आहेत.

त्यातली एक फांदी ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. निकोलास विट्सन हा त्या शहराचा नगराध्यक्ष होता, जगभरच्या वस्तू जमवण्याचा नाद असलेला. त्याच्या संग्रहातल्या चित्रसंचात महाराज आहेत. दुसरी फांदी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, काळ साधारण १६८० ते १६८७. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही महाराजांचे दख्खनी शैलीतले जुने लघुचित्र आहे. ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही, त्यांनी ते जरूर पाहावे. २०२१ मध्ये प्रसाद तारे या अभ्यासकाने बर्लिन, पॅरिसचे गिमे संग्रहालय आणि अमेरिकेतले फिलाडेल्फिया या ठिकाणची आणखी तीन चित्रे मराठी वाचकांपुढे आणली. बेंद्रे यांनी सुरू केलेला शोध अजून चालू आहे, याचा मला फार आनंद आहे.

आणि आता ते चित्र, ज्याच्यासाठी मी जालन्याला आलो. मनुची व्हेनिसचा. तोफखान्यात राहिला, वैद्यकी केली, मोगल दरबारात वावरला. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाच्या वेळी मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत त्याने महाराजांना प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्याशी बोलला, युरोपातल्या राजांविषयी त्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. पुढे तो शहाजादा मुअज्जम, म्हणजे शाहआलम, याचा वैद्य झाला आणि त्याच्याबरोबर दख्खनमध्ये आला. याच शाहआलमच्या पदरी मीर महंमद नावाचा चितारी होता. मनुचीने आपल्या या मित्राकडून बादशहा, शहाजादे आणि सरदारांची चित्रे करून घेतली. ती १६८६ च्या आधीची आहेत, आणि आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यात महाराज घोड्यावर स्वार आहेत, सोबत पायी चालणारे हत्यारबंद लोक आहेत. दरबारात मांडी घालून बसलेला राजा दाखवणे चिताऱ्याला सोपे होते. शाहआलमच्या माणसाने महाराज काढले ते कूच करताना.

कुंडलिकेच्या काठावर उभा राहून मी हे सारे पुन्हा मनात जुळवले. १६७९ चा नोव्हेंबर. सुभेदार शाहआलम. त्याच्या पदरी मनुची आणि मीर महंमद. त्याच्या ठाण्यापासून घोडदौडीच्या अंतरावर जालना, आणि जालन्यात महाराज, स्वतः घोड्यावर, हजारोंच्या फौजेसह. ज्या माणसांनी महाराजांना चित्रात बसवले, त्यांच्यासाठी हा राजा दूरच्या डोंगरातली दंतकथा नव्हता. ज्याच्या घोड्यांची धूळ आपल्या सुभ्याच्या बाजारपेठेवर उडाली, ज्याच्या बातमीने आपल्या धन्याची झोप उडाली, त्याचे हे चित्र होते. म्हणूनच त्या चित्रात कूच आहे, असे मी मानतो. जालन्याची वाट चालल्यावर हे मत माझ्या मनात पक्के झाले.

चित्रे विश्वास ठेवण्याजोगी आहेत का, हे तपासायला आपल्याकडे आणखी एक कसोटी आहे. ती म्हणजे त्या काळच्या युरोपीय लोकांचे लेखन. १६६४ मध्ये सुरतेहून एस्कलिओ या इंग्रज पाद्र्याने लिहिलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन आहे. उंची बेताची, बांधा ताठ आणि प्रमाणबद्ध, नजर चपळ आणि भेदक, वर्ण सोबतच्या लोकांपेक्षा उजळ. थेवनो हा फ्रेंच प्रवासी दोन वर्षांनी आला. त्यानेही लहान चण आणि बुद्धी दाखवणारे चंचल डोळे यांची नोंद केली, वर्ण मात्र त्याने सावळा सांगितला. वर्णाबाबत या दोघांत मतभेद, डोळ्यांबाबत एकमत. आता गोवळकोंड्याच्या चित्रांतला डोळा पाहा. मोठा, उघडा, समोरच्यावर खिळलेला. ठरावीक साच्यातले चित्र असूनही चिताऱ्याने तो डोळा हरवू दिलेला नाही.

परकीयांनी काढलेली चित्रे म्हटली की मला अमेरिकेतला ओसिओला आठवतो. फ्लोरिडाच्या सेमिनोल लोकांचा हा पुढारी आपली भूमी सोडायला तयार नव्हता. १८३७ च्या ऑक्टोबरात बोलणी करायला आला असता, तहाचे पांढरे निशाण असतानाही त्याला पकडले. साउथ कॅरोलायनातल्या मोल्ट्री किल्ल्यात तो कैदेत असताना जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८३८ च्या जानेवारीत त्याची चित्रे काढली, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला तो गेला. त्याचा चेहरा जगाला मिळाला तो कैदखान्यातून. महाराजांनाही आग्र्याला नजरकैदेत टाकले होते, पण त्यांची जी जुनी चित्रे जगात आहेत त्यांत ते कोणाचे कैदी नाहीत. ते शस्त्रधारी राजे आहेत, सुलतान-बादशहांच्या रांगेत बरोबरीने उभे, किंवा घोड्यावर कूच करणारे. आपल्या मुलखावर आपलेच राज्य असले की चेहरा कसा काढला जातो, हेही बदलते. या दोन चित्रांत मला तो फरक स्वच्छ दिसतो.

संध्याकाळी मी सिंदखेड राजाला जाऊन आलो. जालन्याहून तासाभराचाही रस्ता नाही. जिजाऊंचे हे माहेर, लखुजी जाधवरावांचे गाव, आज बुलढाणा जिल्ह्यात येते. जिल्ह्यांच्या हद्दी आपण पुढे आखल्या. महाराजांसाठी जालन्याचा मुलूख हा आईच्या माहेरचा शेजार होता. इकडे घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. मराठवाड्याला महाराजांच्या कथेत नेहमी पाहुण्यासारखे बसवले जाते, ते बरोबर नाही. या मातीचे नाते जुने आहे.

परतीची वाट महाराजांना सोपी गेली नाही. लुटीने जड झालेली फौज संगमनेरच्या बाजूला असताना मोगलांनी गाठले. रणमस्तखानाशी झुंज झाली, सिधोजी निंबाळकर पडले, बरीच माणसे आणि बराच ऐवज गमावला. बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचवले. तिथे त्यांनी विसावा घेतला आणि त्या गडाला विश्रामगड हे नाव मिळाले. पुढे संभाजीराजे मोगली छावणीतून निसटून आले, जानेवारीत पन्हाळ्यावर बाप-लेकांची भेट झाली, आणि ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांनी देह ठेवला. जालन्याच्या लोकांनी पाहिलेले महाराज एकोणपन्नास वर्षांचे होते. गोवळकोंड्याच्या चिताऱ्यांनी आणि मीर महंमदाने काढलेली चित्रेही याच शेवटच्या काही वर्षांच्या आसपासची. जालन्याने पाहिलेला चेहरा आणि संग्रहालयांत जपलेला चेहरा हे एकाच वयाचे आहेत.

एवढे मोठे नाते असूनही जालन्यात फिरताना या मोहिमेची खूण सांगणारे काही माझ्या नजरेस पडले नाही, आणि त्या चित्रांची गोष्ट मला शहरात कोणी सांगितली नाही. पुतळे उभारायला आपण खर्च करतो, मिरवणुकांना करतो. तो करावा, त्यात श्रद्धा आहे. पण ज्या चित्रांसाठी बेंद्रे यांच्यासारख्यांनी आयुष्याची वर्षे दिली, त्या चित्रांच्या चांगल्या, मोठ्या, रंग जसेच्या तसे असलेल्या प्रती शाळेत, जिल्हा ग्रंथालयात, बसस्थानकावर लावायला फार पैसे लागत नाहीत. अनेक संग्रहालये आता आपल्या चित्रांच्या उत्तम प्रतिमा सर्वांना खुल्या करून देतात. जालन्यात एक दालन व्हावे. त्यात लंडन, ॲम्स्टरडॅम, पॅरिस, बर्लिन, फिलाडेल्फिया आणि मुंबईची चित्रे शेजारी-शेजारी लावावीत. १६७९ च्या मोहिमेचा नकाशा असावा. सभासदाची नोंद असावी आणि खाफीखानाचीही असावी. दर्ग्यातल्या त्या वृद्धांनी सांगितले तसे दोन्ही बाजूंनी लिहिलेले असावे. खरा इतिहास मांडला तर महाराज लहान होत नाहीत, उलट त्यांचे मोठेपण परक्यांच्या साक्षीने उभे राहते.

आणि वाचकांनाही एक विनंती. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत महाराजांची जी तसबीर असेल, ती कोणी काढली, कधी काढली, मूळ कुठे आहे, एवढे तीन तपशील शोधा आणि पाठीमागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. चुकीचा चेहरा आपण एकदा पिढ्यान्‌पिढ्या पूजला आहे. पुन्हा तसे होऊ नये, हे आपल्याच हातात आहे.